पडद्यावरचे परके आणि घरचे : ऑस्ट्रेलियातील ग्रीकांची ओळख

यंदाच्या व्याख्यानासाठी हा विषय आम्ही सुचवला, तेव्हा एका स्नेह्यांनी हसत हसत विचारले, "ऑस्ट्रेलियातल्या ग्रीकांशी आपल्या श्रोत्यांना काय कर्तव्य? ग्रीक म्हटले की सॉक्रेटिस, प्लेटो, फार तर सिकंदर. त्यांच्यावर बोला, लोक कान देतील. मेलबर्नला फळे विकणाऱ्या ग्रीकाची कथा कोण ऐकणार?" प्रश्न थट्टेचा होता, पण आमच्या विषयाचे मर्म त्यात आयतेच सापडले. कारण नेमका हाच अनुभव तिकडे गेलेल्या ग्रीकांच्या वाट्याला आला. ज्या समाजात होमर आणि प्लेटो यांचे गोडवे गायले जात, ज्याच्या सार्वजनिक इमारतींना ग्रीक धर्तीचे खांब असत, त्याच समाजात त्या इमारतीसमोरून जाणाऱ्या जिवंत ग्रीकाला मात्र शिवी ऐकावी लागे. पूर्वज मखरात आणि वंशज उंबऱ्याबाहेर, असा हा प्रकार होता.

एखादा समाज परक्या मुलखात जाऊन घरचा केव्हा होतो? कोणी म्हणेल, त्याने तिथे घर बांधले की. कोणी म्हणेल, त्याला मताचा अधिकार मिळाला की. ही उत्तरे चुकीची नाहीत, पण ती अपुरी आहेत. घर आणि मत मिळूनही माणूस पाहुणाच राहू शकतो. आमच्या मते याची एक कसोटी त्या देशाच्या गोष्टींत सापडते. तो समाज रंगभूमीवर, बोलपटात, दूरचित्रवाणीवर कसा दिसतो हे पाहावे. आधी तो दिसतच नाही. मग तो दिसतो, पण दुसरे त्याला हसण्यासाठी. पुढे तो स्वतःच स्वतःला हसू लागतो. आणि शेवटची, सर्वांत अवघड पायरी म्हणजे आपले उणे आपल्याच तोंडाने चार लोकांत सांगणे. ऑस्ट्रेलियातील ग्रीक या चारही पायऱ्या साधारण चाळीस वर्षांत चढले. त्या चढणीची ही हकीकत आहे.

गलबत, उपाहारगृह आणि कारखाना

प्रथम थोडा इतिहास पाहू. ऑस्ट्रेलियात उतरलेले पहिले ग्रीक म्हणून ज्यांची नोंद सांगतात ते इद्रा बेटाचे सात खलाशी होते. ब्रिटिशांनी त्यांना चाचेगिरीबद्दल शिक्षा देऊन १८२९ साली न्यू साउथ वेल्समध्ये कैदी म्हणून पाठवले. सुटका झाल्यावर पाच मायदेशी परतले, दोघे तिथेच राहिले. पुढे सोन्याच्या ओढीने आणखी काही आले. त्यानंतर कीथिरा, इथाका, कास्तेलोरिझो अशा लहान बेटांवरून एकामागून एक माणसे येऊ लागली. आधी मामा जाई, मग तो भाच्याला बोलावी, भाचा गावच्या सोबत्याला. कोकणातून मुंबईला माणसे गेली ती अशाच साखळीने गेली, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

या लोकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑस्ट्रेलियाच्या गावोगावी उपाहारगृहे काढली. गंमत अशी, की ग्रीकाच्या उपाहारगृहात ग्रीक पदार्थ औषधालाही मिळत नसत. तिथे मिळे ते गोऱ्या गिऱ्हाइकाच्या आवडीचे : भाजलेले मांस आणि अंडी, चहा, दुधाची थंड पेये, आइस्क्रीम. पाटीवर नाव असे 'नायगारा' नाहीतर 'पॅरागॉन'. मालक रात्री दुकान बंद करून मागच्या खोलीत ऑलिव्ह तेलातली भाजी खाई आणि आपल्या भाषेत बोले. पुढची खोली जगासाठी आणि मागची खोली स्वतःसाठी, ही विभागणी लक्षात ठेवावी. आमच्या पुढच्या सगळ्या कथेत ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

ही विभागणी भित्रेपणातून आलेली नव्हती. १९०१ च्या कायद्याने ऑस्ट्रेलियाने गोऱ्यांचा देश राहण्याचे धोरण स्वीकारले होते, आणि दक्षिण युरोपातला माणूस पुरेसा गोरा आहे की नाही याविषयी तिथल्या लोकांना शंकाच होती. १९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, ग्रीसचा राजा दोस्त राष्ट्रांच्या बाजूने उतरत नाही या रागाने पश्चिम ऑस्ट्रेलियातील कालगुर्लीच्या परिसरात जमावाने ग्रीकांची दुकाने फोडली. राजा अथेन्सला आणि मार कालगुर्लीच्या दुकानदाराला! असे एकदा घडले की माणूस आपली भाषा मागच्या खोलीतच ठेवतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. लोकसंख्या वाढवली नाही तर देश टिकणार नाही, या विचाराने ऑस्ट्रेलियाने १९४५ साली स्थलांतराचे स्वतंत्र खाते काढले. ग्रीसमध्ये जर्मनांचा अंमल आणि त्यामागोमाग यादवी युद्ध यांनी खेडी उद्ध्वस्त झाली होती. १९५२ साली दोन्ही सरकारांत करार झाला आणि लोंढा सुरू झाला. ग्रीसमध्ये जन्मलेले लोक ऑस्ट्रेलियात १९४७ साली सुमारे १२ हजार होते. १९७१ साली ते सुमारे १ लाख ६० हजार झाले. १९५९ च्या अखेरीपासून त्यांना नेणाऱ्या एका प्रसिद्ध आगबोटीचे नाव होते 'पात्रिस', म्हणजे मायभूमी. मायभूमी सोडून जायचे, तेही 'मायभूमी'त बसून! हे लोक उपाहारगृहांत मावण्यासारखे नव्हते. ते मोटारींच्या आणि कापडाच्या कारखान्यांत शिरले, मेलबर्न आणि सिडनीच्या कामगार वस्त्यांत राहिले. त्यांची मुले इंग्रजी शाळांत गेली. पडद्यावर पुढे जे दिसले, ते या मुलांनी दाखवले.

दिसत नसलेला माणूस

पण आधी काही काळ पडद्यावर ग्रीक माणूस जवळजवळ नव्हताच. याचा अर्थ ग्रीकांना चित्रपटांचे वेड नव्हते असा नाही. पन्नास ते सत्तरच्या दशकांत मेलबर्न-सिडनीत केवळ ग्रीक बोलपट दाखवणारी चित्रगृहे होती. आठवडाभर यंत्रापुढे उभे राहिलेले कुटुंब तिथे शनिवार-रविवारी अथेन्सचे विनोदपट पाहून हसे आणि रडे. पण ते गावाकडचे जग होते. ज्या वस्तीत ते राहत होते, ती वस्ती मात्र कुठल्याच पडद्यावर नव्हती.

दिसत नसण्याचे आणखी एक उदाहरण मोठे बोलके आहे. 'मॅड मॅक्स' (१९७९) हा जगभर गाजलेला चित्रपट काढणारे जॉर्ज मिलर नावावरून कोणालाही अस्सल इंग्रज वाटतील. त्यांचे वडील कीथिरा बेटावरून आले होते, घराण्याचे मूळ आडनाव मिलिओटिस, आणि त्यांचे बालपण क्वीन्सलंडमधल्या चिंचिला या लहान गावी गेले. ऑस्ट्रेलियाच्या या सर्वांत प्रसिद्ध दिग्दर्शकाच्या सर्वांत प्रसिद्ध चित्रमालिकेत ग्रीक कुटुंब मात्र नाही. हा दोष म्हणून आम्ही सांगत नाही. कलावंताने आपल्या जातीचीच गोष्ट सांगावी असा काही दंडक नाही. पण आडनाव बदलल्याशिवाय पुढच्या खोलीत वावरणे कठीण होते, तो काळ ध्यानात यावा म्हणून सांगतो.

जे थोडे चित्रपट निघाले ते सहृदय माणसांचे होते, पण बाहेरून पाहणाऱ्यांचे होते. 'प्रॉमिस्ड वुमन' (१९७५) हा टॉम कोवन यांचा चित्रपट मुळात थिओडोर पॅट्रिकारेआस या सिडनीतल्या ग्रीक लेखकाच्या नाटकावरून घेतलेला होता. ठरवलेल्या लग्नासाठी अँटिगनी नावाची बाई ग्रीसहून सिडनीला येते. नवरा मुलगा तिला पाहतो, त्याला ती अपेक्षेपेक्षा वयस्क वाटते आणि तो तिला नाकारतो. परत जायला तोंड नाही आणि इथे राहायला घर नाही, अशा स्थितीत ती खाणावळीवजा घरात राहून स्वतःच्या पायावर उभी राहते. त्या काळी जहाजे भरभरून वधू जात, तेव्हा अशा कितीतरी अँटिगनी धक्क्यावर उभ्या राहिल्या असतील. 'कोस्टास' (१९७९) या पॉल कॉक्स यांच्या चित्रपटात कर्नलांच्या हुकूमशाहीमुळे देश सोडलेला पत्रकार मेलबर्नला टॅक्सी हाकतो आणि एका सधन गोऱ्या बाईच्या प्रेमात पडतो. कॉक्स स्वतः हॉलंडहून आलेले असल्याने परकेपणाची कळ त्यांना ठाऊक होती. तरी या दोन्ही चित्रपटांत ग्रीक माणूस मुख्यतः दुःखी आहे. प्रेक्षकाने त्याची कीव करावी एवढीच जागा त्याला आहे.

दूरचित्रवाणीवर काय होते? 'किंग्सवुड कंट्री' या १९८० ते १९८४ च्या विनोदी मालिकेत एका हेकट गोऱ्या गृहस्थाला इटालियन जावई मिळतो आणि सासरा त्याला उठता-बसता घालून पाडून बोलतो. हा इटालियन जावई ब्रूनो झाला होता लेक्स मारिनोस हा नट, जो वॉगा वॉगा गावच्या ग्रीक उपाहारगृहवाल्याचा मुलगा! ग्रीक काय आणि इटालियन काय, पडद्याच्या लेखी सगळे सारखेच. या नटाचे नाव लक्षात ठेवावे. शेवटी तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

याच सुमारास दोन गोष्टी घडल्या. १९७३ साली सरकारने वर्णावर आधारलेले स्थलांतराचे धोरण सोडले आणि १९७५ साली वंशभेदाविरुद्ध कायदा केला. आणि १९८० साली निरनिराळ्या भाषांचे कार्यक्रम दाखवणारी एस. बी. एस. ही सरकारी दूरचित्रवाणी सुरू झाली. मागच्या खोलीतली भाषा प्रथमच राजरोसपणे पुढच्या खोलीतल्या पेटीतून ऐकू येऊ लागली.

हसू कोणाचे?

१९८८ साली 'द कॉमेडी कंपनी' या कार्यक्रमात कॉन नावाचा फळविक्या अवतरला आणि घरोघरी पोचला. जाड मिशा, मोडके इंग्रजी, मरिका नावाची बायको आणि बहुतेकींच्या नावांचे एकमेकींशी यमक जुळावे अशा सहा मुली. कॉनची भूमिका करणारा मार्क मिचेल हा नट ग्रीक नव्हता. आता या कॉनला पाहून ग्रीक लोक रागावले काय? पुष्कळसे हसले. कॉन लबाड नव्हता, दुष्ट नव्हता, उलट लोभस होता. पण हसवणारा एका घरचा आणि ज्याला हसायचे तो दुसऱ्या घरचा, हे काही लपत नव्हते.

नेमका याच वेळी उलट दिशेने एक प्रवाह आला. त्याचे नावच मोठे धाडसाचे होते : 'वॉग्ज आउट ऑफ वर्क', म्हणजे 'बेकार वॉग'. १९८७ साली निक जियानोपुलोस हा ग्रीक वंशाचा आणि सायमन पालोमारेस हा स्पॅनिश वंशाचा अशा तरुणांनी सोबत्यांसह हे नाटक रंगभूमीवर आणले. यातला 'वॉग' हा शब्द आपल्यालाही अगदी परका नाही. ब्रिटिश साम्राज्यात गोऱ्यांनी तो हिंदी, अरब अशा सावळ्या लोकांना हिणवण्यासाठी वापरला. ऑस्ट्रेलियात तो ग्रीक, इटालियन, लेबनानी यांच्या कपाळी बसला. शाळेच्या मैदानावर ज्या शब्दाने मार खाल्ला, तोच शब्द या पोरांनी नाटकाच्या फलकावर ठळक अक्षरांत लावला. दगड अंगावर आला. त्यांनी तो उचलून पायरीला बसवला.

त्यातूनच 'अॅक्रोपोलिस नाऊ' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली. १९८९ ते १९९२ या काळात तिचे ६३ भाग झाले. बाप ग्रीसला परत जातो आणि उपाहारगृह मुलाच्या, जिमच्या, गळ्यात पडते, एवढेच कथानक. म्हणजे पुन्हा तेच ग्रीक उपाहारगृह. पण आता मागची खोली आणि पुढची खोली यांतली भिंत पाडलेली. ग्रीक पोरे गल्ल्यावर बसून मोठ्याने बोलतात, भांडतात, गोऱ्या गिऱ्हाइकांना नावे ठेवतात. गोऱ्या ऑस्ट्रेलियनाला ती म्हणत 'स्किप'. हे नाव 'स्किपी' या कांगारूच्या जुन्या मालिकेवरून आलेले. या मालिकेमुळे ते देशभर झाले. जो इतके दिवस दुसऱ्यांची नावे ठेवत होता, त्याला प्रथमच कोणीतरी नाव ठेवले होते!

या मालिकेचे सर्वांत मोठे देणे म्हणजे एफी. मेरी कूस्टास या नटीने उभी केलेली ही जिमची चुलत बहीण धंद्याने केशभूषा करणारी. केसांचा मनोरा, ठसठशीत दागिने, चुकीचे पण आत्मविश्वासाने फेकलेले इंग्रजी, आणि आपल्याइतके सुंदर व हुशार जगात कोणी नाही ही बालंबाल खात्री. कॉनच्या मोडक्या इंग्रजीला लोक हसत ते त्याला इंग्रजी येत नाही म्हणून. एफीच्या इंग्रजीला हसताना मात्र प्रेक्षकाला जरा जपून राहावे लागे, कारण ती उलट आपल्यालाच हसेल ही धास्ती असे. दोन विनोदांत अंतर आहे ते हे. भाषा तीच, चुकाही त्याच जातीच्या, पण मालकी बदलली.

२००३ साली याच एफीला घेऊन 'ग्रीक्स ऑन द रूफ' हा कार्यक्रम निघाला. तो मुळात इंग्लंडमधल्या 'द कुमार्स अॅट नंबर ४२' या हिंदी कुटुंबावरच्या कार्यक्रमाचा अवतार होता. लंडनच्या हिंदी आईबापांची कापडे काढून मेलबर्नच्या ग्रीक आईबापांना चढवली. कार्यक्रम फार चालला नाही; पण मुलाच्या लग्नाची चिंता करणारी आई आणि पाहुण्याला मिळकत विचारणारा बाप ही दोन्हीकडची सारखीच निघावीत, यात नवल ते काय?

२००० साली आलेल्या 'द वॉग बॉय' या चित्रपटाने तिकडे एक कोटी डॉलरांहून अधिक गल्ला केला. त्याचा नायक स्टीव्ह कारामित्सिस बेकार आहे, आणि मंत्रीणबाईंच्या मोटारीशी झालेल्या अपघातातून त्याच्यावर 'सरकारी भत्ता खाणारा आळशी' असा शिक्का बसतो. पुढे त्याचे २०१० आणि २०२२ साली आणखी दोन भाग निघाले. येथे मात्र आम्हाला थोडे कडू बोलणे भाग आहे. शिवी उचलून पायरीला बसवणे हा पराक्रम खरा, पण त्याच पायरीवर तीस वर्षे बसून राहिले तर तिचा पाट होतो. जे १९८७ साली धाडस होते, ते २०२२ साली ठरलेले सोंग वाटू लागते. शिवाय या विनोदात बाप सदा खेडवळ, आई सदा ताट वाढणारी आणि पोरगा सदा मोटारीत. घरात जे खरोखर दुखत होते, त्याला हा विनोद हात लावीत नव्हता.

झाकली मूठ

दुखत होते ते काय? पहिल्या पिढीने एक करार मनोमन केला होता : आम्ही कारखान्यात हाडे झिजवू, तुम्ही शिका, घर घ्या, आपल्यातच लग्न करा आणि आपले नाव राखा. करार आईबापांनी केला, पण सही मुलांची मागितली. ज्या मुलांना तो मानवेना, त्यांनी कुठे जावे?

'द हार्टब्रेक किड' (१९९३) या चित्रपटात याची पहिली चाहूल लागते. क्रिस्टीना ही तरुण ग्रीक वंशाची शिक्षिका आपल्यातल्याच एका सुस्थितीतल्या मुलाशी लग्न करणार आहे. शाळेतला निक हा ग्रीक विद्यार्थी गोऱ्यांच्या फुटबॉलऐवजी सॉकरचा संघ काढण्यासाठी धडपडतो. दोघांत न व्हावे ते प्रेम होते. शिक्षिका आणि विद्यार्थी यांचे हे नाते आम्हाला मुळीच प्रशस्त वाटत नाही. पण लग्नाच्या बेडीकडे पाहणाऱ्या क्रिस्टीनाची घुसमट खरी आहे. या चित्रपटावरूनच 'हार्टब्रेक हाय' (१९९४ ते १९९९) ही शाळकरी मुलांची मालिका निघाली आणि अनेक देशांत दाखवली गेली. नाना वंशांची मुले एका वर्गात बसलेली ऑस्ट्रेलिया जगाने तिच्यात पाहिली.

त्याहून खोल घाव घातला तो अॅना कोकिनोस या दिग्दर्शिकेने. मेलबर्नला ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मलेल्या या बाई आधी वकील होत्या. 'ओन्ली द ब्रेव्ह' (१९९४) या त्यांच्या तासाभराच्या चित्रपटात मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या कामगार वस्तीतल्या दोन ग्रीक मुली आहेत, अॅलेक्स आणि विकी. त्यांचे घर म्हणजे विनोदी मालिकेतले खमंग स्वयंपाकघर नव्हे. त्या घरात न बोलण्याच्या गोष्टी आहेत, आणि न बोलल्यामुळेच त्या विकीला जाळतात.

मग आला 'हेड ऑन' (१९९८). क्रिस्टोस त्सिओल्कास यांच्या 'लोडेड' (१९९५) या कादंबरीवरून तो घेतला आहे. एकोणीस वर्षांचा आरी हा बेकार तरुण, त्याचा एक दिवस आणि एक रात्र. त्याला पुरुषांचे आकर्षण आहे, तो व्यसनांत बुडालेला आहे आणि घरी बापाशी त्याचे जमत नाही. चित्रपटाची सुरुवात जहाजांतून उतरणाऱ्या ग्रीकांच्या जुन्या छायाचित्रांनी होते. त्या छायाचित्रांतली गाठोडी घेतलेली, आशेने पाहणारी माणसे आणि रात्री रस्त्यावर भटकणारा हा मुलगा यांना दिग्दर्शिकेने शेजारी शेजारी ठेवले आहे. एवढ्या कष्टांचे हेच का फळ, असा प्रश्न आईबाप विचारणार. आणि तुम्ही माझ्यासाठी कष्ट केलेत, पण मी कोण हे कधी विचारलेत का, असा मुलाचा उलट प्रश्न आहे.

त्यातला पोलीस चौकीचा प्रसंग विसरता येत नाही. आरी आणि स्त्रीवेषात वावरणारा त्याचा मित्र टूला यांना पकडून आणतात, विवस्त्र करतात. तिथल्या दोन पोलिसांपैकी तरुण पोलीस ग्रीकच आहे. वरिष्ठ गोरा त्याला डिवचतो आणि आपण 'त्यांच्यातले' नाही हे सिद्ध करण्यासाठी हा ग्रीक पोरगाच टूलाला बेदम मारतो. बाहेरच्यांकडून मिळालेला अपमान माणूस आपल्यातल्या दुबळ्यावर कसा उतरवतो, याचे याहून कठोर चित्र आम्ही पाहिलेले नाही. शेवटी आरी बंदराच्या धक्क्यावर एकटाच नाचतो. नाच बापाचा, ग्रीकच. पण तो लग्नाच्या मांडवातला नव्हे. जिथे आईबाप उतरले तिथेच मुलगा, कोणाचाही न होता, उभा आहे.

असा चित्रपट पाहून एखाद्या समाजाचे मन दुखावले तर त्याला दोष देता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपणही म्हणतोच. चार दशके शिव्या खाऊन मिळवलेली अब्रू आपल्याच लेकीने आणि लेकाने चव्हाट्यावर मांडावी? आधीच जे आपल्याला नावे ठेवतात, त्यांच्या हाती हे कोलीत कशाला? हा आक्षेप हलका नाही. आमचे उत्तर एवढेच, की झाकल्या मुठीची किंमत सव्वा लाख खरी, पण ती मूठ ज्याच्यावर आवळलेली असते त्याचा जीव जातो. टूलाला आणि विकीला त्या अब्रूचा काहीही उपयोग झाला नाही. आणि दुसरे असे, की पाहुण्याला नेहमी चांगले दिसावे लागते. चार लोकांसमोर वाईट दिसण्याची मोकळीक फक्त घरच्या माणसाला असते. 'हेड ऑन' त्याच वर्षी कान महोत्सवात दाखवला गेला. ग्रीकांनी चांगुलपणाचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय ऑस्ट्रेलियाची म्हणून सांगितलेली ही गोष्ट होती.

एक थप्पड

शेवटची पायरी २०११ साली आली. त्सिओल्कास यांच्याच 'द स्लॅप' (२००८) या कादंबरीवरून ए. बी. सी. या सरकारी दूरचित्रवाणीने आठ भागांची मालिका केली. मेलबर्नच्या एका उपनगरात हेक्टर नावाच्या ग्रीक वंशाच्या गृहस्थाचा चाळिसावा वाढदिवस आहे. अंगणात मांस भाजले जात आहे, पाहुणे जमले आहेत. एक लहान गोरा मुलगा आवरेनासा होतो आणि हेक्टरचा चुलत भाऊ हॅरी त्याला थोबाडीत मारतो. मुलाचे आईबाप, रोझी आणि गॅरी, पोलिसांत जातात. या एका थपडेने सगळे घर आणि मैत्र दुभंगते. प्रत्येक भाग एकेका माणसाच्या डोळ्यांनी सांगितलेला आहे. कादंबरीतली हेक्टरची बायको आयशा ही भारतीय वंशाची आहे.

येथे काय उलटले आहे ते पाहावे. हॅरी मोटारदुरुस्तीच्या धंद्यावर गब्बर झालेला आहे, त्याच्या घराला पोहण्याचा तलाव आहे. गॅरी हा गोरा माणूस गरीब आहे, दारू पितो, भाड्याच्या घरात राहतो. थप्पड मारणारा हात ग्रीक आहे आणि ज्याला लागली तो गोऱ्याचा मुलगा. १९१६ साली दुकान फोडले गेलेल्याचे वंशज आता मालमत्तावाले झाले आहेत, आणि मालमत्तेबरोबर येणारी घमेंडही त्यांच्यात आली आहे. त्सिओल्कास ती लपवीत नाहीत. हॅरी ग्रीक आहे म्हणून वाईट नाही आणि ग्रीक आहे म्हणून क्षम्यही नाही. त्याचा न्याय माणूस म्हणून करावा लागतो. आमच्या मते घरचे होणे म्हणतात ते हेच.

हेक्टरच्या म्हाताऱ्या बापाला, मनोलीला, एक पूर्ण भाग दिला आहे. जुन्या सोबत्याच्या अंत्यविधीला तो जातो, एके काळी एकत्र नाचलेली माणसे तिथे काठ्या टेकीत भेटतात. घर एकत्र ठेवावे म्हणून तो सुनेची मनधरणी करतो. त्याच्या पिढीत बापाचा शब्द शेवटचा असे, आता तो नुसता ऐकून घेतला जातो. ही मनोलीची भूमिका लेक्स मारिनोस यांनी केली. एकतीस वर्षांपूर्वी बोलणी खाणारा इटालियन जावई झालेला नट अखेर आपल्याच भाषेचा, आपल्याच दुःखाचा बाप झाला. आणि त्याचा मुलगा हेक्टर झाला आहे इटालियन वंशाचा जोनाथन लापालिया! अदलाबदल तीच, पण आता ती कोणाला टोचत नाही. मारिनोस २०२४ साली वारले. त्यांच्या या दोन भूमिकांमध्येच आमचे अर्धे व्याख्यान आहे.

हिशेब

मिळवले ते सांगितले. गमावले तेही सांगायला हवे. २०२१ च्या खानेसुमारीत ऑस्ट्रेलियात सुमारे ४ लाख २४ हजार लोकांनी आपले मूळ ग्रीक असल्याचे नोंदवले. त्याच गणनेत घरी ग्रीक बोलणारे मात्र सुमारे २ लाख ३० हजार निघाले. मागच्या खोलीत जपलेली भाषा, भिंत पडल्यावर, हळूहळू विरळ होत चालली आहे. आम्ही सांगितलेले बहुतेक सगळे चित्रपट आणि मालिका मुख्यतः इंग्रजीत आहेत, हेही विसरून चालणार नाही. ग्रीकांनी आपली गोष्ट सांगण्याचा अधिकार मिळवला, पण ती सांगितली यजमानाच्या भाषेत. हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, याचा निकाल आम्ही देऊ शकत नाही. मनोलीला विचारले तर तो एक उत्तर देईल आणि आरीला विचारले तर दुसरे.

आणि आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. आपल्याला काय कर्तव्य? त्याच २०२१ च्या गणनेत परदेशांत जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडच्या खालोखाल भारतात जन्मलेले लोक निघाले. त्यांत मराठी घरे आहेत, त्यांची मुले मेलबर्नच्या शाळांत आहेत. त्यांच्या पुढच्या खोलीत काय आणि मागच्या खोलीत काय, हे त्या घरांनाच ठाऊक. गणपतीच्या आरासीची आणि मुलांच्या गुणांची छायाचित्रे आपल्याकडे येतात. झाकलेल्या मुठीत काय आहे ते येत नाही. उद्या त्यांच्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी ती मूठ उघडणारी गोष्ट लिहील. तेव्हा इकडे बसून आपण रागावणार की ऐकणार? ग्रीकांच्या चाळीस वर्षांच्या वाटचालीतून आम्ही एवढे शिकलो, की त्या दिवशी रागावण्याआधी गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी. तो दिवस आपल्या माणसांच्या नाचक्कीचा नसून त्यांनी त्या भूमीत मूळ धरल्याचा असेल. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.